रडण्याचं काम गळती विभागाकडे

मोठ्या माणसाने चूक करायला कोणाची हरकत नसते, पण त्या चुकीचं वाईट वाटून घ्यायला त्याच्याकडे वेळ नसतो. म्हणून नीट चाललेल्या प्रत्येक कार्यालयात वाईट वाटून घेण्याचं काम खालच्या कोणाकडे तरी सोपवलेलं असतं. आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात ते माझ्याकडे आलं. कसं आलं, ते सांगतो.

मी गळती विभागात होतो. विभाग म्हणजे मी आणि एक लोखंडी दांडी. दांडीचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि खालचा पाइप कुठे फुटलाय ते ऐकायचं. या कामाला फार शिक्षण लागत नाही. कान लागतात, आणि तोंड बंद ठेवता यावं लागतं. माझी बायको म्हणायची, तुमच्याकडे दोन्ही आहेत, त्यातलं दुसरं जरा जास्तच आहे.

ती गेल्या वर्षी गेली. मी रडलो नाही. भेटायला येणाऱ्यांसाठी शेजारून खुर्च्या आणल्या, चहाचं पाहिलं, खुर्च्या परत नेऊन दिल्या. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. महिन्याभराने तेच लोक म्हणायला लागले, दगडाचा आहे. या दोन्हींमध्ये मी काहीही वेगळं केलेलं नव्हतं. मुलगी दुसऱ्या गावाहून फोन करायची आणि जेवण झालं का, औषध घेतलं का, असं विचारता विचारता मध्येच विचारायची, "बाबा, रडलात का?" मी म्हणायचो, "बघू, सवडीने." ती फोन ठेवायची. मग मी बराच वेळ बसून अंदाज घ्यायचो. आत काही आहे का, की लोक म्हणतात तेच खरं, हे मला स्वतःलाही समजून घ्यायचं होतं. मला काही ऐकू आलं नाही.

आता नाटकाकडे येतो.

आमच्या कार्यालयाचं नाट्यमंडळ आहे. ते दर वर्षी एक जुनं शोकनाट्य करतं, आणि दर वर्षी तेच करतं. नाटकाला नाव आहे, पण ते कोणी घेत नाही. दुसरं नाटक नसल्यामुळे नावाची गरज पडत नाही. गोष्ट अशी की राजा लढाई हरून, जखमी होऊन आपल्याच किल्ल्याच्या दाराशी येतो. शत्रू मागावर असतो. आत किल्लेदार आणि त्याची बायको. बायको म्हणते, राजा बाहेर मेला तर राजा तुम्हीच. पुरुष असाल तर जागचे हलू नका. किल्लेदार हलत नाही. राजा बाहेर मरतो, किल्लेदार गादीवर बसतो, आणि चौथ्या अंकात त्याच दाराला कपाळ टेकून पश्चात्तापाने ढसाढसा रडतो. पाचव्या अंकात तो स्वतःही मरतो, पण तोवर बरेच प्रेक्षक घरी गेलेले असतात.

पराक्रम करून राजे झालेले लोक पुष्कळ आहेत. काहीही न करता, निव्वळ जागेवर बसून राहून राजा झालेला मात्र हा एकच. त्यामुळे कार्यालयीन वर्गात ही भूमिका अत्यंत लोकप्रिय आहे.

भूमिका वाटताना आमच्याकडे अभिनय पाहत नाहीत (अभिनय पाहिला की अन्याय होतो). पद्धत ठरलेली आहे. बढतीच्या रांगेत जो पहिला, तो किल्लेदार. सध्याचे मोठे साहेब किल्लेदार होते, त्यांच्या आधीचे मोठे साहेबही होते. ज्याने मंचावर इतक्या लोकांसमोर दार उघडलं नाही, तो खुर्चीत बसल्यावर तक्रार घेऊन आलेल्यांनाही उघडणार नाही, असा वरच्यांचा विश्वास आहे, आणि तो आजवर खोटा ठरलेला नाही. बाकीचं वाटपही असंच सरळ आहे. दिग्दर्शन भांडारपालांकडे, कारण तलवारी भांडारात असतात. शत्रूचं सैन्य म्हणजे मीटर वाचणारे, कारण दाराबाहेर ताटकळत उभं राहायची त्यांना सवय आहे. राजा म्हणजे जीपचा ड्रायव्हर. पहिल्या अंकात मरून मोकळा होतो आणि नंतर मंडळींना घरी सोडायला हाताशी असतो. किल्लेदाराची बायको म्हणजे वसुलीतल्या बाई. त्या कायम आहेत.

"किती किल्लेदार माझ्या सांगण्यावरून मोठे साहेब झाले," त्या म्हणतात. "मी अजून वसुलीतच आहे. त्याच टेबलाला."

या वर्षी किल्लेदार होते धाकटे साहेब. मोठे साहेब निवृत्त होणार, त्यांची खुर्ची रिकामी होणार, म्हणजे प्रयोग चांगला झाला की ती धाकट्या साहेबांची. माणूस तसा वाईट नाही. फाइल वाचून सही करतो, एवढा एकच दोष. खुर्ची मिळाली की आईला हवेशीर सरकारी घरात आणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं आणि सगळ्यांना सांगितलंही होतं. बढती होण्याआधी ती सांगणं हा दुसरा दोष.

अडचण चौथ्या अंकाची होती.

खरं सांगायचं तर मंडळाच्या इतिहासात कोणताही किल्लेदार रडलेला नाही. संहितेत लिहिलंय, पण ते लिहिणाऱ्याला पाणीपुरवठ्याचा अनुभव नसावा. ज्या साहेबाला चारचौघांनी रडताना पाहिलं, त्याच्या हुकमाने दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह कोण बंद करणार? म्हणून रडण्याऐवजी किल्लेदाराने प्रेक्षकांकडे पाठ करून खांदे हलवायचे, अशी वहिवाट पडली होती. मध्यंतरी एका किल्लेदाराचे खांदे असे काही हलले, की नाट्यस्पर्धेच्या परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, "ऐन पश्चात्तापाच्या वेळी नायकाला हसू फुटतं, ही कल्पना धाडसी आहे." त्या वर्षी चषक मिळाला. त्यामुळे कोणी बदल सुचवला नाही.

मग गेल्या प्रयोगाला मोठ्या साहेबांच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पडदा पडल्यावर त्या शेजारणीला एवढंच म्हणाल्या, "मेला एकदाही रडला नाही. मला नाही बाई पटला."

हे वाक्य मागच्या दोन रांगांनी ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी ते धोरण झालं. या वर्षी किल्लेदाराने रडणं सक्तीचं. साहेबाने न रडणंही पूर्वीप्रमाणेच सक्तीचं. दोन्ही हुकमांवर सही एकाचीच.

अशा वेळी नेमतात तशी एक उपसमिती नेमण्यात आली. तिने सगळे उपाय तपासले. डोळ्यांत औषध घालून पाहिलं. धाकट्या साहेबांचे डोळे सुजले आणि त्या दिवशी त्यांनी एका चुकीच्या फाइलवर सही केली (तिचं काम मात्र पहिल्यांदाच वेळेत झालं). कांदा चिरून पाहिला. पाणी आलं, पण आवाज नाही, आणि मागच्या रांगांना पाणी दिसत नाही. रडण्याची ध्वनिफीत शोधली. जेवढ्या मिळाल्या तेवढ्यांत बायका रडत होत्या. पुरुषाचं रडणं बाजारात उपलब्ध नाही, असं उपसमितीने नमूद केलं. मागणी नसावी.

शेवटी भांडारपालांनी तोडगा काढला. किल्लेदाराने दाराला कपाळ टेकून ताठ उभं राहायचं, आणि रडायचं दुसऱ्या कोणीतरी, दाराच्या मागे लपून. साहेबांचा पुरुषार्थ शाबूत, नाटकाचा पश्चात्ताप शाबूत. हा दुसरा कोण असावा, याची पात्रताही त्यांनी सांगितली. आवाज पुरुषी हवा. रडायला काही कारण हवं. बढतीची आशा नसावी, म्हणजे रडला तरी त्याचं नुकसान नाही.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत होतो.

"पण हे तर वहिनी गेल्या तेव्हाही रडले नाहीत," वसुलीतल्या बाई म्हणाल्या.

"तेच तर!" भांडारपाल म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर, जुना माल सापडल्यावर येतं तसं समाधान होतं. "जो रडून मोकळा झाला तो संपला. यांच्याकडे सगळा साठा शिल्लक आहे."

शिवाय विषय पाणी झिरपण्याचाच, म्हणून तो गळती विभागाकडे वर्ग करण्यात आला. मला विचारलंही. म्हणजे, "तुमची काही हरकत नाही ना?" असं म्हणून पुढचा विषय घेतला.

मी मनात म्हटलं, बरंच झालं. घरी येत नाही, हुकमाने आलं तर आलं. मुलीला सांगता येईल.

तालमी मीटर तपासायच्या मोठ्या खोलीत व्हायच्या. किल्ल्याचं दार प्लायवुडचं होतं, त्यावर काळे खिळे रंगवलेले. हे दार नाटकभर बंदच राहायचं असतं, तरीही भांडारपालांनी त्याला बिजागऱ्या लावल्या होत्या, कारण भांडारात बिजागऱ्या पडून होत्या. दारामागे एक स्टूल माझं, एक राजाचं. पहिल्या दिवशी चौथा अंक आला, धाकट्या साहेबांनी दाराला कपाळ टेकवलं, आणि मी सुरुवात केली.

भांडारपाल धावत मागे आले. "हे काय होतं?"

"रडलो."

"ओ, हा पाइपात हवा अडकल्याचा आवाज आहे. परत घ्या."

परत घेतलं. आठवडाभर घेतलं. कधी ठसका लागल्यासारखं यायचं, कधी दूर कोणीतरी जड कपाट सरकवतंय असं. जो तो येऊन सल्ला देऊ लागला. पंपघरातले लोक म्हणाले, पोटातून काढा. लेखापाल म्हणाले, नाकातून काढा. ड्रायव्हर म्हणाला, "मला सांगा ना, मी मरता मरता थोडं रडून घेतो," पण राजाने रडणं परंपरेत बसत नव्हतं. वसुलीतल्या बाई तेवढ्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनींची आठवण काढा हो. त्यांना चालेल."

मी आठवण काढली. आठवण काढायला काही त्रास पडत नाही, ती निघते. पण जे निघायचं ते कामाचं नसायचं. ती वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायची. चपला उंबऱ्यापाशी एकावर एक ठेवायची आणि मी अडखळलो की मलाच म्हणायची, "बघून चाला की." पलंगाची भिंतीकडची बाजू तिची, ती बाजू अजून मी वापरत नाही, आणि का वापरत नाही हे मला सांगता येत नाही. एवढ्यावर माणूस रडू शकत नाही. मी स्टुलावर बसायचो, पुढे साहेब कपाळ टेकून ताटकळत उभे असायचे, आणि दोघांच्या मध्ये प्लायवुड.

"होईल का हो?" एकदा तालीम संपल्यावर त्यांनी विचारलं. टाय सैल केला होता, कपाळावर दाराचा काळा रंग लागला होता. "नाही झालं तरी मी काही म्हणणार नाही. पण माझं सगळं त्याच्यावरच आहे."

"बघतो," मी म्हटलं.

"मला स्वतःला येत नाही असं नाही," ते म्हणाले. मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "म्हणजे, येतच नाही."

प्रयोगाच्या संध्याकाळी खोली भरून गेली. पाइप झाकायच्या ताडपत्रीचा पडदा केला होता. पहिल्या रांगेत मोठे साहेब, त्यांच्या बाई, दोन परीक्षक, आणि बढतीवर ज्यांची सही लागते ते वरच्या कार्यालयातले पाहुणे. मागे पंपघर, वसुली, मीटर, सगळे. पडदा सरकला. शत्रूचं सैन्य आरडाओरडा करून गेलं. राजाने दाराआडून आपलं वाक्य म्हटलं, "दार उघडा, मी तुमचा राजा आहे," आणि स्टुलावर बसून चहाचा कप हातात घेतला. त्याला अजून दोनदा तेच म्हणायचं होतं, मग मरायचं. मी पुढे सरकून दाराला कान लावला. तसं काही कारण नव्हतं. माझा अंक चौथा. पण कोणत्याही बंद गोष्टीला कान लावायचा, हा माझ्या मानेचा परिपाठच आहे.

पलीकडे किल्लेदाराचं मोठं भाषण होतं. उघडू की नको. साहेबांनी सुरुवात झकास केली, आणि मध्येच त्यांची नजर बहुधा वरच्या कार्यालयाच्या पाहुण्यांवर गेली असावी. वाक्य थांबलं. पुढचं आठवेना.

वसुलीतल्या बाई मुरलेल्या. नाटकात त्या नवऱ्याला 'स्वामी' म्हणतात. पण वेळ निभावून न्यायची तर माणसाच्या तोंडी सवयीचंच येतं. त्या म्हणाल्या,

"अहो, ऐकलंत का?"

आवाज त्यांचाच होता. पण मला चेहरा दिसत नव्हता. प्लायवुडमधून फक्त शब्द आले, आणि तेही पलीकडच्या खोलीतून यावेत तसे. हे शब्द माझ्या घरात दिवसभर असायचे. अहो, ऐकलंत का, दूध उतू जातंय. अहो, ऐकलंत का, खालचे घर बदलतायत. कधीकधी पुढे काहीच नसायचं, नुसतं तेवढंच. मी दिवसभर रस्त्याला कान लावून यायचो आणि घरी तिसऱ्या हाकेला 'काय' म्हणायचो. ती म्हणायची, "काही नाही, आहात का ते बघितलं."

आधी मला वाटलं ड्रायव्हरला काहीतरी होतंय. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो कप धरून माझ्याकडे पाहत होता. मोठा पाइप फुटतो तेव्हा आवाज मागाहून येतो, आधी जमीन थरथरते. स्टूल हलत होतं. मग आवाज आला, आणि तो माझा होता.

कार्यालयीन भाषेत सांगायचं तर, चौथ्या अंकासाठी मंजूर झालेलं रडणं पहिल्या अंकातच वापरण्यात आलं. अजून गुन्हा घडलेला नव्हता. अजून राजा जिवंत होता आणि चहा पीत होता. पण पश्चात्ताप सुरू झालेला होता, आणि तो बंद करायचा कुठला व्हॉल्व्ह मला माहीत नव्हता. मी तोंडावर हात दाबला. त्याने फक्त आवाजाची दिशा बदलली.

पलीकडे बाईंनी प्रसंगावधान राखून आपलं वाक्य टाकलं. "पुरुष असाल तर जागचे हलू नका!"

आणि पावलं वाजली.

"ओ साहेब!" पंपघराच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं. "उघडू नका!"

"अहो, नाही उघडायचं ते!"

"बसा, साहेब, बसा!"

दार उघडलं. बिजागऱ्या चांगल्या प्रतीच्या होत्या, जराही कुरकुरल्या नाहीत. समोर धाकटे साहेब उभे होते, किल्लेदाराच्या चिलखतात, अर्धी मिशी सुटलेली. त्यांच्या मागे सगळं कार्यालय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत मला पुष्कळ लोक भेटले होते. सगळ्यांनी धीर धरा म्हटलं होतं, किंवा आता जरा मोकळे व्हा म्हटलं होतं. साहेबांनी विचारलं, "काय झालं हो?"

ते उंबऱ्यातच बसले, तलवार बाजूला ठेवली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून नुसते बसून राहिले. राजाला काही सुचेना. तो कप घेऊन तसाच किल्ल्यात शिरला, मंचाच्या मधोमध उभा राहिला आणि पडद्याआड भांडारपालांकडे बघून म्हणाला, "मी आता मरायचं का नाही?"

"आलात का महाराज," वसुलीतल्या बाई म्हणाल्या. "या, बसा. जन्मभर बाहेरच उभं केलं तुम्हाला."

ताडपत्री पडली. तीन तासांचं शोकनाट्य पहिल्या अंकातच मिटलं. प्रेक्षकांत मोठी नाराजी पसरली. लोक राजा मरणार म्हणून आले होते आणि तो धडधाकट जीप काढायला निघून गेला. परीक्षकांनी शेरा दिला की, "दार उघडल्यामुळे शोकाला वाव राहिला नाही." फक्त मोठ्या साहेबांच्या बाई पदराने डोळे पुसत होत्या. "उघडलं गं बाई एकदाचं," असं त्या म्हणाल्या. पण हे या वेळी कोणी धोरण म्हणून घेतलं नाही.

रीतसर चौकशी झाली. मला दारापाशी उभं केलं होतं, साहेबांना खुर्ची दिली होती.

"तुम्ही दार का उघडलंत?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"पलीकडे कोणीतरी रडत होतं."

"ते रडणं तुमचंच होतं. तसं ठरलेलं होतं."

"माझं असतं तर उघडलं नसतं, साहेब."

हे उत्तर नोंदवायचं की नाही यावर बराच खल झाला, आणि शेवटी चहा सांगण्यात आला. निर्णय मात्र स्वच्छ होता. धाकट्या साहेबांकडे जागेवर बसून राहण्याची क्षमता पुरेशी नाही, असं आढळलं. मोठ्या साहेबांची खुर्ची बांधकामातल्या एका साहेबांना देण्यात आली. ते प्रयोगाच्या दिवशी तापाने घरी झोपून होते. म्हणजे त्यांनी दार उघडलेलं नव्हतं, आणि हे सिद्ध करता येत होतं. माझ्यावर वेळेआधी आणि मंजूर प्रमाणाबाहेर रडल्याचा ठपका आला. असा माणूस गळती विभागात ठेवणं धोक्याचं, म्हणून दांडी जमा करायला सांगितली आणि मला तक्रारींच्या खिडकीवर बसवण्यात आलं. मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "शिक्षा केली तुम्हाला?" मी म्हटलं, "हो." मग ती रडली आणि मीही थोडा रडलो. आता ते बऱ्यापैकी जमतं.

बढतीचा हुकूम फळ्यावर लागला त्या दुपारी धाकट्या साहेबांनी तो वाचला, नव्या साहेबांचं अभिनंदन केलं, पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला, आणि कोपऱ्यातल्या हात धुण्याच्या खोलीत गेले. कडी लागली. नळ सुटला. मी दांडी जमा करायला त्याच बाजूने चाललो होतो. नळ सुटल्याचा आवाज आणि नळ सोडून ठेवल्याचा आवाज यांत फरक असतो.

दार वाजवावं असं मनात आलं. पण आतून काय उत्तर आलं असतं ते मला ठाऊक होतं: काही नाही, तोंड धुतोय. म्हणून मी दांडी जमिनीवर टेकवून दारासमोर उभा राहिलो. बांधकामातले दोघे आले, त्यांना म्हटलं, वरच्या मजल्यावर जा, इथे दुरुस्ती चालू आहे. लेखापाल आले. "अजून किती वेळ?" म्हणाले. मी म्हटलं, "मोठं काम आहे." बऱ्याच वेळाने साहेब बाहेर आले. चेहरा ओला, डोळे लाल, भांग पाडलेला. माझ्याकडे, दांडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "नळ जरा ढिला झालाय." मी म्हटलं, "हो साहेब."

जाता जाता खात्याची एक गोष्ट सांगतो. गावाला सोडलेलं पाणी आणि मीटरवर दिसणारं पाणी यांचा मेळ कुठेच बसत नाही. त्यातलं काही पाइपातून गळतं, काही चोरीला जातं. पण काही पाणी असं असतं की ते मीटरवर नीट दिसतं, घरात येतं आणि कोणी वापरत नाही. ना आंघोळ, ना भांडी, ना कपडे. कडी लावलेल्या न्हाणीघरात नळ सोडलेला असतो, आणि आत एक धडधाकट, धीराचा, घरच्यांचा आधार असलेला माणूस उभा असतो. बायकांच्या खात्यावर हे पाणी फार कमी आहे. त्यांना नळाची गरज पडत नाही. खात्याने याला अजून नाव दिलेलं नाही. तात्पुरतं ते गळतीत धरतात.

मी आता खिडकीवर बसतो. तुमच्या घरचा वापर अलीकडे जरा वाढलेला दिसतो. अवश्य या, तक्रार नोंदवा, तुमचा हक्क आहे. मी कागद बाजूला ठेवीन, बसायला खुर्ची देईन आणि विचारीन की घरी सगळं ठीक आहे ना.

आणि तुम्ही म्हणाल, मीटर बिघडलंय.